जेवणाआधीची गोळी आणि तुतीची साल : पार्श्वभूमी

ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात 'शुगरवर काहीतरी द्या' म्हटलं, की जांभूळबियांची पूड, गुडमार, सप्तरंगीची मुळं अशा पुड्या बांधून मिळतात. ते घेऊन घरी गेलेले काका जेवायला बसताना मधुमेहावरची व्होग्लिबोज ही गोळीही घेतात. एक आजीबाईच्या बटव्यातलं, एक डॉक्टरांचं. पण सप्तरंगी आणि ती गोळी, दोन्हींचा मारा एकाच जागी.

ती जागा म्हणजे लहान आतड्याचं अस्तर. भात-पोळीतल्या स्टार्चचे बारीक तुकडे इथे अल्फा-ग्लुकोसिडेज नावाच्या एन्झाइममुळे ग्लुकोज होतात. त्याला अडवलं की जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही, सावकाश चढते.

हे एन्झाइम अडवणारी पहिली गोळी मात्र झाडातून आली नाही. बायर कंपनीला १९७०च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूत अकार्बोज सापडलं. १९९० साली ते जर्मनीत बाजारात आलं. व्होग्लिबोज जपानचं, तेही मूळचं जिवाणूच्याच पदार्थावर बेतलेलं.

झाड आलं ते तुतीच्या रूपाने. १९७६ साली जपानी संशोधकांनी तिच्या मुळाच्या सालीतून हेच एन्झाइम अडवणारं डीऑक्सिनोजिरिमायसिन वेगळं केलं. त्याच्या रचनेत बदल करून मिग्लिटोल हे याच जातीचं औषध तयार झालं. अमेरिकेत त्याला १९९६ साली परवानगी मिळाली. तुतीच्या पानांच्या चिकातही हे द्रव्य असतं. इतर अळ्या त्यानं खुरटतात, रेशमाचा किडा मात्र खुशाल पानं फस्त करतो!

मग सप्तरंगी. तिच्या श्रीलंकेतल्या जातभाईच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी तिथले लोक सकाळी पितात. त्या झाडातून १९९७ साली हेच एन्झाइम अडवणारं सॅलासिनॉल हाती लागलं, आपल्या सप्तरंगीतही ते आहे. म्हणजे पुडीमागे रसायन आहे, थाप नाही. पण परीक्षानळीत एन्झाइम थांबवणं सोपं. अमेरिकेत घेवड्यापासून केलेल्या 'स्टार्च ब्लॉकर' गोळ्या १९८२ साली माणसांवर तपासल्या, तेव्हा खाल्लेला स्टार्च बिनबोभाट पचला होता.

काकांच्या पोटात गुबारा धरतो, तो न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात आंबल्यामुळे. पुडी आणि गोळी एकत्र घेतली तर तो आणखी वाढू शकतो, आणि पुडीबद्दल डॉक्टरांना कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय सोबत इन्सुलिन असेल आणि शुगर उतरली, तर घरातली साखर लवकर लागू पडत नाही. तिला फोडणारं एन्झाइमही अडलेलं असतं. तेव्हा ग्लुकोज पावडरच द्यावी लागते.