वार सुटल्यानंतरची मिनिटं

“वर्षाला जेमतेम शंभर बाळंतपणं, त्यासाठी एवढा खर्च?” ग्रामीण प्रसूतिकक्षाला टाळं लागताना हिशेब बहुतेक असाच मांडतात. खर्च खराच आहे. कळा कधी सुरू होतील याचा नेम नसतो, म्हणून बाळंतपण होवो न होवो, माणसं रात्रंदिवस हजर ठेवावी लागतात. (पौर्णिमेला बाळंतपणं वाढतात म्हणणाऱ्यांनी नोंदवही उघडून बघावी, तसं काही सापडत नाही.) अमेरिकेत २००४ मध्ये ४५ टक्के ग्रामीण काउंटींमधल्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या भागांमधल्या) रुग्णालयांत प्रसूतीची सोय नव्हती, २०१४ पर्यंत हा आकडा ५४ टक्क्यांवर गेला.

बाईचा रुग्णालयापर्यंतचा रस्ता लांबला, एवढंच ना? नाही. का, ते कळायला गर्भाशयात डोकवावं लागेल.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. बाळ बाहेर आलं, वार (पोटात बाळाला पोसणारा अवयव) सुटली, की तिच्या जागी उघड्या रक्तवाहिन्यांची जखम उरते. तरी बहुतेक बाया वाचतात, त्या रक्त गोठण्याच्या आधी घडणाऱ्या एका गोष्टीमुळे. गर्भाशयाच्या मधल्या थरातले स्नायुतंतू खाटेच्या विणीसारखे आडवे-तिडवे असतात आणि धमन्या त्या विणीच्या भोकांतून येतात. स्नायू आवळला की भोकं मिटतात, धमन्या मुरगळून बंद होतात. म्हणजे शेकडो गाठी एकदम मारल्या जातात, तेही टाक्याशिवाय!

हे आवळणं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक घडवतं. ते पेशीवरच्या ग्राहींना (संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, मायोसिन हे स्नायूतलं प्रथिन ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला ओढू लागतं. शेजारच्या पेशी कनेक्सिन प्रथिनांच्या बोगद्यांनी जोडलेल्या असल्याने सगळं गर्भाशय एका दमात आकसतं. ऑक्सिटोसिनचा मारा तासन्‌तास चालला तर मात्र ग्राही कमी होतात. म्हणून लांबलेल्या बाळंतपणानंतर गर्भाशय कधीकधी ढिलं पडतं. पोटावर हात ठेवला की कळतं: आवळलेलं गर्भाशय चेंडूसारखं कडक लागतं, ढिलं कणकेच्या गोळ्यासारखं.

हा हात मिडवाइफचा असू शकतो. मिडवाइफ म्हणजे अंदाजाने काम करणारी नव्हे, बाळंतपणाचं रीतसर शिकलेली सुईण. बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनच्या १० युनिटचं इंजेक्शन, ढिलं वाटल्यास पोट चोळणं, रक्त मोजणं. या पहिल्या पायऱ्यांना शस्त्रक्रियागृह लागत नाही. इंग्लंडमध्ये जोखीम कमी असलेल्या सुमारे ६४,००० बाळंतपणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मिडवाइफच्या केंद्रांत बाळांना धोका वाढलेला दिसला नाही आणि सिझेरियन कमी झाली. पण ‘नैसर्गिक बाळंतपणा’चे ढोल पिटणारे पुढचा आकडा गाळतात: रुग्णालयापासून वेगळ्या असलेल्या अशा केंद्रांतून ३६ टक्के पहिलटकरणींना रुग्णालयात हलवावं लागलं. त्यात बऱ्याच जणींचं कारण बाळंतपण पुढे न सरकणं, एवढंच होतं. तरी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला रक्त आणि भूलतज्ज्ञ हवेतच.

तोवर हाताशी ट्रानेक्झामिक ॲसिड असतं. तयार झालेली गुठळी ते विरघळू देत नाही. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत ते द्यायचं. दर १५ मिनिटांच्या उशिराला त्याचा फायदा सुमारे १० टक्क्यांनी घटतो. बाई पाऊण तासावरच्या रुग्णालयाच्या वाटेवर असेल आणि गाडीत हे इंजेक्शन देणारं कुणी नसेल, तर असे तीन पाव तास वाटेतच सरतात.