शेजार नसेल तर रक्तही नाही

आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी तयार होतात. मोठ्या माणसात हे काम मुख्यतः कंबर, छाती आणि मणक्यांच्या हाडांतली मज्जा करते. पण त्याच मज्जेतल्या पेशी काढून बशीत पोषक द्रवात ठेवल्या, की त्या फार काळ तग धरत नाहीत.

याचं कारण संशोधक रे स्कोफिल्ड यांनी 1978 मध्येच सुचवलं होतं. रक्ताची मूळ पेशी, म्हणजे जिच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात ती, मूळ पेशीच राहते ती तिच्या शेजारामुळे. हाडाच्या पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि तंतू विणणाऱ्या पेशी तिला सतत रासायनिक निरोप देत असतात. म्हणजे मज्जा अभ्यासायची तर आधी हा शेजार उभा करायला हवा. उंदरावर भागवता येतं, पण थोडंच: उंदराच्या प्लीहेत आयुष्यभर रक्त बनतं, निरोगी प्रौढ माणसाच्या बनत नाही.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांच्या जोरावर पुन्हा भ्रूणासारख्या अवस्थेत नेल्या, जिथून हवी ती पेशी घडवता येते, तेव्हा वाट मोकळी झाली. अशा पेशींचे गोळे करून, ठरावीक क्रमाने वाढीची प्रथिनं देऊन, ऑक्सफर्डच्या गटाने 2023 मध्ये मज्जेचे ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाची इवलीशी नक्कल करणारे पेशींचे गोळे, वाढवले. कोलॅजेन मिसळलेल्या मऊ जेलमध्ये गोळ्यांना रक्तवाहिन्यांचे कोंब फुटतात, त्यांच्याभोवती तंतुपेशी आणि रक्तपेशी जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली तर एक भलतंच सुंदर दृश्य दिसलं. प्लेटलेट बनवणाऱ्या अवाढव्य पेशी वाहिनीला खेटून बसल्या होत्या आणि आपले लांब धागे थेट वाहिनीच्या पोकळीत सोडत होत्या. शरीरातही याच धाग्यांचे तुकडे पडून प्लेटलेट बनतात.

मला मात्र पुढचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. मायलोफायब्रोसिस या कर्करोगात मज्जेत व्रणासारखे तंतू माजतात आणि रक्त बनायला जागाच उरत नाही. या रुग्णांच्या पेशी ऑर्गनॉइडमध्ये सोडल्यावर तिथेही तंतू वाढले. निरोगी दात्यांच्या पेशींनी तसं काही केलं नाही. बशीत पटकन मरणाऱ्या मायलोमाच्या (मज्जेतल्याच आणखी एका कर्करोगाच्या) पेशीही इथे जगल्या. रुग्णाच्या आजाराचं वागणं त्याच्या शरीराबाहेर बघता येतं, ते असं.

या गोळ्यांत हाड मात्र नव्हतं. ती उणीव 2025 मध्ये बासेल विद्यापीठाच्या गटाने भरून काढली. हाडा-दातांत असतं तेच खनिज, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, त्याचा सच्छिद्र सांगाडा घेऊन त्यात त्यांनी मानवी पेशी वाढवल्या. आठ मिलिमीटर व्यासाच्या आणि चार मिलिमीटर जाडीच्या या तुकड्यात कित्येक आठवडे रक्त बनत राहिलं. आता अडचण उलटीच आहे: शेकडो औषधं एकाच वेळी तपासायची, तर एवढा तुकडा फारच मोठा पडतो. तो लहान करावा लागेल, तोही शेजार न मोडता.