चिकन म्हणजे नेमकं कोणतं चिकन?

मे १९५७ मध्ये एका स्विस कंपनीने न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून गोठवलेलं चिकन मागवलं. करारात दोन वजनं होती: दीड ते दोन पौंड आणि अडीच ते तीन पौंड. माल युरोपात पोहोचला, तेव्हा मोठ्या वजनात बहुतेक म्हाताऱ्या कोंबड्या निघाल्या. भाजायला, तळायला त्या बिनकामाच्या. बराच वेळ शिजत ठेवल्या तरच खाता येणार. चिकन म्हणजे कोवळी कोंबडी, असं खरेदीदार म्हणाला. विक्रेता म्हणाला, कोंबडी ती कोंबडी, वय कितीही असो. भांडण अमेरिकेच्या फेडरल कोर्टात गेलं आणि १९६० मध्ये न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांना ठरवावं लागलं की चिकन म्हणजे काय.

शब्द एकटा घेतला तर दोन्ही अर्थ खरे होते, म्हणून न्यायाधीशांनी शब्दाच्या आजूबाजूला शोध घेतला. खरेदीदाराचा मुद्दा बिनतोड वाटत होता. दीड-दोन पौंडांची म्हातारी कोंबडी मिळतच नाही, म्हणजे छोटे पक्षी कोवळेच असणार. मग त्याच करारात त्याच शब्दाचा अर्थ पुढच्या ओळीत कसा बदलेल? धंद्यातली माणसं साक्षीला आली, पण त्यांच्यातही एकमत नव्हतं. आधीच्या तारा बहुतांशी जर्मन भाषेत होत्या, पण त्यांत ‘चिकन’ हा शब्द मुद्दाम इंग्रजी ठेवला होता. जर्मन शब्दात म्हातारी कोंबडीही येते, म्हणून तो टाळला, असा खरेदीदाराचा खुलासा. मात्र विक्रेत्याने खरेदीदाराच्या माणसाला ‘कोणत्या प्रकारचं चिकन?’ असं विचारलं होतं, आणि ‘कोणतंही’ असं उत्तर मिळालं होतं.

आणि भाव! मोठ्या पक्ष्यांचा करारातला दर होता पौंडाला ३३ सेंट. बाजारात कोवळी कोंबडी तेव्हा ३५ ते ३७ सेंटला जात होती. उघड उघड खोट खाऊन माल द्यायचं विक्रेत्याने कबूल केलं असेल, हे पटण्यासारखं नव्हतं. मला या खटल्यातला सगळ्यात बोलका साक्षीदार हा भावच वाटतो. शेवटी खरेदीदार हरला, कारण शब्द आपण म्हणतो त्या मर्यादित अर्थानेच वापरला होता हे त्याला सिद्ध करता आलं नाही.

कोर्टाला ज्यासाठी साक्षीपुरावे लागले, ते काम आपला मेंदू दिवसभर करत असतो, तेही आपल्याला पत्ता लागू न देता. डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये केलेला प्रयोग फार सुंदर आहे. ऐकणाऱ्यांच्या कानावर ‘बग्ज’ हा शब्द असलेलं वाक्य पडायचं. या शब्दाचा एक अर्थ किडे, दुसरा चोरून ऐकण्याची यंत्रं. वाक्यात आधीच कोळी आणि झुरळं आलेली, म्हणजे खरं तर शंकेला जागा नाही. शब्द ऐकू येताक्षणी पडद्यावर दुसरा एखादा शब्द झळकायचा. मुंगी आणि हेर, दोन्ही शब्द लोकांनी झटपट ओळखले! म्हणजे त्या क्षणी दोन्ही अर्थ जागे झाले होते. पण तोच शब्द जेमतेम तीन अक्षरांच्या उच्चाराएवढ्या वेळाने दाखवला, तर फक्त मुंगीला फायदा व्हायचा. नको असलेला अर्थ तोवर मावळलेला असायचा.

अडचण नेमकी इथे आहे. निवड इतकी झटपट उरकते की निवड झाली हेच आपल्याला कळत नाही. शिवाय ती निःपक्ष नसते. वाचताना डोळे कुठे किती रेंगाळतात हे मोजणाऱ्या प्रयोगांत असं दिसतं की संदर्भ शब्दाच्या आधी आला आणि त्याने शब्दाचा कमी वापरातला अर्थ सुचवला, तर नजर तिथे अडते. संदर्भ मागाहून येणार असेल, तर रोजच्या सवयीचा अर्थ आधी मैदान मारून जातो. आपल्याकडे बँकेत कर्ज ‘सँक्शन’ झालं की पेढे वाटतात. अमेरिकी निर्बंधांच्या बातमीत ‘सँक्शन’ झालेल्या कंपनीचे व्यवहार गोठतात. ‘आउटस्टँडिंग’चंही तसंच. शेजारी ‘परफॉर्मन्स’ असेल तर कौतुक, ‘अमाउंट’ असेल तर थकबाकी. इथे शेजारचा एक शब्द पुरतो. ‘बायमंथली’ला तोही पुरत नाही: महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाला हे विशेषण लागतं, तेव्हा वर्षभराच्या बैठकांचं वेळापत्रक पाहिलं की दोन महिन्यांचा हिशेब स्पष्ट होतो.

कधी कधी मात्र संदर्भही हात टेकतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईहून जाणाऱ्या कापसाला मोठी मागणी होती. त्या काळात एक सौदा झाला: मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गासड्या. पण त्या नावाची दोन जहाजं मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. विक्रेत्याने डिसेंबरच्या जहाजातला माल पुढे केला. आपल्या मनात ऑक्टोबरचं जहाज होतं, असं खरेदीदार म्हणाला. १८६४ मध्ये कोर्टाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला आणि तो कापूस घेणं त्याच्यावर बंधनकारक राहिलं नाही. कापूस, बंदर, गासड्या, जहाजाचं नाव, करारातलं सगळं दोन्ही जहाजांना तंतोतंत लागू पडत होतं. जहाज सुटण्याचा महिना तेवढा लिहिला असता, तर हा वाद उभाच राहिला नसता.