लक्ष लागणं वेगळं, लक्षात राहणं वेगळं

तो फोटो तुम्हीपण बघितला असणारच. डोक्याची दोन चित्रं शेजारीशेजारी, एक निळं, दुसरं लालभडक, खाली लिहिलेलं की हा वीस मिनिटं चालल्यावरचा मेंदू. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की कोणीतरी टाकतंच आणि वर ओळ असते "रोज पळा, स्मरणशक्ती वाढवा". अहो पण त्या चित्रात स्मरणशक्ती आहेच कुठे!

चित्र आहे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी केलेल्या प्रयोगातलं, २००९ मध्ये छापून आलेल्या. नऊ-दहा वर्षांची २० मुलं, एक दिवस नुसती बसवली, एक दिवस ट्रेडमिलवर २० मिनिटं चालवली, मग छातीची धडधड खाली येऊ दिली आणि टेस्ट घेतली. टेस्ट काय, तर स्क्रीनवर ओळीत पाच बाण, मधल्याचं तोंड डावीकडे की उजवीकडे एवढंच सांगायचं, बाजूचे चार मुद्दाम उलटे करून पोरांना गंडवणार. चालून आल्यावर मुलं कमी चुकली. म्हणजे बाजूच्या गोंधळाकडे कानाडोळा करायला जमलं, हे झालं लक्ष. पाठ करायला काही दिलंच नव्हतं तर लक्षात काय राहणार?

लक्षाचं सगळ्यांना अनुभवाने माहितीये, अभ्यासिकेत डोळे मिटायला लागले की खाली एक चक्कर मारून येतोच की आपण. लगेच होतं आणि लवकर उतरतं. त्यावर जास्त लिहीत नाही.

घोळ होतो तो पुढे. लक्षात राहण्याच्या गणितात निदान दोन जागा अशा आहेत, ज्या अभ्यासाआधीच्या नाहीत. पहिली जागा, अभ्यास झाल्यानंतर. नेदरलँड्समध्ये २०१६ च्या एका प्रयोगात ७२ जणांना ९० चित्रं कुठे कुठे आहेत ते शिकवलं, काहींना लगेच ३५ मिनिटं सायकल मारायला लावली, काहींना चार तासांनी, काहींना अजिबात नाही. दोन दिवसांनी विचारलं तर चार तासांनी सायकल मारलेल्यांना जास्त आठवलं, आणि लगेच मारलेले आणि न मारलेले जवळपास सारखेच! आता यावरून कोणी चार तासांचा अलार्म लावू नका, एकच प्रयोग आहे तो, पण व्यायाम शिकण्याच्या *नंतर* येऊनही काम करतो हे डोक्यात ठेवा.

दुसरी जागा म्हणजे महिनोन्‌महिने. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून भाग आहे, नवीन आठवणी बसवायचं काम त्याचं. चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त नव्या पेशी टिकल्या हे १९९९ मध्येच दिसलं होतं. माणसांवरचा गाजलेला प्रयोग २०११ चा, १२० जण, त्यातले निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा चालले आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. फक्त ही मंडळी ५५ ते ८० वयाची होती, दहावीची नव्हती, आणि हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं, याचा मला जाम राग येतो.

योगा की रनिंग, सकाळी की संध्याकाळी, यावर लोक उगाच भांडतात. जे रोज होईल ते करा. माझं मत विचाराल तर दोरीवरच्या उड्या किंवा चांगलं झपझप चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. अभ्यासाआधी जिममध्ये स्वतःला पिळून काढणाऱ्यांचं मला कळतच नाही, पुस्तकावर घोरणार ना मग.

आणि शाळांनो, पीटीचा तास गणिताच्या सरांना देणं बंद करा. पोर्शन पूर्ण करायला म्हणून लक्ष लागायचं साधनच काढून घेताय.

माझी भाची खो-खो खेळते. दहावी सुरू झाली आणि ताईने तिचं ग्राउंड बंद केलं, मी हे सगळं सांगितल्यावर म्हणाली, बरं मग परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठवते खेळायला, म्हणजे सगळं लक्षात राहील. ताई, अगं ते *लक्ष*! लक्षात राहायला जूनपासून पाठवायला हवं होतंस.