दुकान एका दिवसात बंद होतं, मेंदूचं काय?

आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून, आणि चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला लागू झालेली बंदी 2021 मध्ये उठली. मागणी बायांची होती. 2010 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया चिमूरहून पायी नागपूर अधिवेशनावर गेल्या, कारण मजुरीचा पैसा घरी यायच्या आधीच भट्टीवर जात होता आणि रात्रीचा मार वेगळाच. त्यांची मागणी मला आजही शंभर टक्के बरोबर वाटते. पण बंदीवर वाद घालताना रोज पिणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हे काहून कोणी बोलत नाही?

मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट ॲक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबून धरते. वर्षानुवर्षं रोज प्यायलं की मेंदू स्वतःच ब्रेक ढिला करतो अन ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो, मग अचानक दारू बंद झाली की ॲक्सिलरेटर तेवढा मोकाट सुटतो. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काही जण बरळायला लागतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि गावात लोक म्हणतात बाहेरचं लागलं, अन नेतात मांत्रिकाकडे. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, उपचार नाही मिळाला तर माणूस दगावू शकतो! दवाखान्यात डायझेपामसारख्या औषधानं हे आटोक्यात येतं. अजून एक, असा पेशंट आला की नुसती ग्लुकोजची सलाईन लावून भागत नाही, रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-1 जीवनसत्त्व कमी असतं, ते आधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा व्हायची भीती.

दुसरी गोष्ट चोरट्या दारूची. बंदीत बिअरसारखा मोठा माल लपवणं अवघड, म्हणून कडक दारूच जास्त फिरते, अमेरिकेत 1920 ते 1933 च्या बंदीत हेच झालं. आपल्याकडे मोहफूल आहेच. फुलातल्या साखरेची यीस्ट दारू करते, पण साधारण 15 टक्क्यांच्या आसपास यीस्टच मरते, म्हणून भट्टी लावून ती कडक करतात. सगळ्यात मोठा जीवघेणा धोका मात्र कारखान्यातलं मिथेनॉल कोणी त्यात मिसळलं तर. लिव्हर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं, ते डोळ्याची नस जाळतं. 2015 मध्ये मुंबईत मालवणीला अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली, आणि तिथं तर दारूबंदी नव्हती, स्वस्त दारू पिणाऱ्या गरिबाला हा धोका सगळीकडेच आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की ज्या दिवशी ग्रामसभा ठराव घेते त्याच दिवशी पीएचसीत व्यसनमुक्तीची औषधं आणि ट्रेनिंग घेतलेला माणूस पायजे, सहा महिन्यांनी शिबिर घेऊन उपयोग नाही. आणि घरच्यांनी लक्षात ठेवावं, रोज पिणारा अचानक थांबला आणि थरथर, फिट, बरळणं सुरू झालं, किंवा प्यायल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यापुढे धुकं आलं, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन लावा आणि काय प्यायला, केव्हा प्यायला हे डॉक्टरला खरं सांगा, पोलिसांच्या भीतीनं लपवू नका.