बालआजारातील उपचारविलंब

लहान मुलाच्या गंभीर आजाराची लक्षणे दिसू लागल्यापासून त्याला योग्य वैद्यकीय उपचार मिळेपर्यंत जाणारा काळ आणि तो लांबण्याची कारणे यांचा विचार सार्वजनिक आरोग्यशास्त्रात या संज्ञेखाली केला जातो. न्यूमोनिया, अतिसार, हिवताप आणि नवजात बालकांतील जंतुदोष या आजारांत हा काळ बहुधा निर्णायक ठरतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर हाती काही तासच असतात.

या संकल्पनेचे मूळ सामान्यतः सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांच्या मातामृत्यूविषयक मांडणीत दाखविले जाते. ती १९९४ मध्ये शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाली असली, तरी तिचा गाभा १९९० च्या सुमारास तयार झालेला दिसतो. उपचार घेण्याचा निर्णय, दवाखान्यापर्यंत पोहोचणे आणि पोहोचल्यावर प्रत्यक्ष उपचार मिळणे असे तीन विलंब तीत मानले आहेत. तथापि माणूस लक्षणांपासून वैद्यापर्यंत टप्प्याटप्प्याने कसा जातो, याचा विचार डेव्हिड मेकॅनिक व एडवर्ड सचमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच केला होता. त्यामुळे तीन विलंबांची कल्पना ही त्या विचाराची नव्या संदर्भातील फेरमांडणी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ती बालकांना लावताना एका फरकाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते : येथे आजारी जीव बोलू शकत नाही, आणि त्याच्याजवळ रात्रभर बसलेल्या आईच्या हाती निर्णय असतोच असे नाही.

बाळ अंगावर पिईनासे होणे, प्यायलेले सगळे ओकणे, झटके येणे आणि मलूल किंवा बेशुद्ध होणे ही धोक्याची सर्वसाधारण लक्षणे होत. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास ते जलद समजले जातात. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर धोका अधिक असतो. हेच दृश्य पाहून आया ‘पोट उडतंय’ म्हणतात. विदर्भात या आजाराला डबा किंवा डब्बा असेही नाव आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कार्यात निरक्षर दाईलाही हे मोजता यावे म्हणून एक साधे उपकरण करण्यात आले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा तांबडा मणी सरकला, तर औषध सुरू करायचे. गावातच उपचार देण्याच्या या प्रयोगात बालमृत्यू घटल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

विलंबाचे खापर आईच्या अज्ञानावर फोडण्याची पद्धत जुनी आहे, परंतु ती मान्य करणे कठीण आहे. गडचिरोलीतील ३९ गावांत १९९५-९६ मध्ये पाहिलेल्या ७६३ नवजात बालकांपैकी ५४.४ टक्क्यांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. ते मिळाले केवळ २.६ टक्क्यांना. एवढी मोठी तफावत एकट्या आईच्या समजुतीतून निर्माण होत नाही. बाळंतिणीने बाहेर न पडण्याचा रिवाज, घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती, नवऱ्याच्या हातातला पैसा, घरी राहिलेली इतर मुले आणि शेवटची एस. टी. निघून गेल्यावरची रात्र या सर्वांतून वाट काढून ती निघते. टाळू खोल गेलेली तिला दिसते. ते शरीरातील पाणी कमी झाल्याचे चिन्ह आहे हे तिला कोणी सांगितले नसेल, तर ती टाळूवर तेल घालते. म्हणजे लक्षण तिने हेरलेले असते, अर्थ तेवढा वेगळा लावलेला असतो. मेळघाटात भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, नेऊन बाळाच्या पोटावर चटके देण्याची कोरकू समाजातील प्रथाही पोटफुगीवर काहीतरी केले पाहिजे या निकडीतूनच टिकली असावी. तिने बाळाला इजा होते आणि वेळही जातो, हे मात्र निःसंशय आहे.

तिसऱ्या विलंबाचा अभ्यास तुलनेने कमी झाला आहे. एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे चिठ्ठी देऊन पाठविले जाताना गेलेले तास आईच्या नावावर मांडले जाऊ नयेत.

महाराष्ट्रातील आदिवासी भागांत माता व बालमृत्यू रोखण्यासाठी १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना सुरू झाली. २०११ च्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बालकांना सरकारी रुग्णालयात मोफत उपचार व वाहन देऊ केले, आणि आशा कार्यकर्तीच्या घरभेटींमुळे पहिला विलंब काही प्रमाणात कमी होतो. तीव्र कुपोषित मुलांवर उपचार करणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रात मुलासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी दिली जाते. रोजंदारीवरील आईची अडचण त्यातून ओळखली गेली आहे.

ऊसतोडीच्या फडावर ही तरतूद सहसा पोहोचत नाही. तेथे जोडप्याचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एकच एकक, धरतात. मूल तापाने फणफणले म्हणून आई कामावर गेली नाही, तर मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावतो आणि ती रक्कम उचलीच्या, म्हणजे हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशेबात चढते.