अव्यवस्था आणि क्वांटम माहितीचा प्रसार

एकमेकांशी जोडलेल्या खूप कणांच्या क्वांटम सिस्टिममध्ये एका टोकाला काही बदललं तर त्याची खबर दुसऱ्या टोकाला कधी पोचते, आणि मधे प्रत्येक जागेची एनर्जी वेगळी, कशीही असली (यालाच अव्यवस्था म्हणतात) तर त्या खबरीचं काय होतं, त्याबद्दलची ही नोंद.

अव्यवस्था नसेल तर खबर साधारण एका वेगानं पसरत जाते. जवळच्याजवळच परिणाम होत असेल तर या वेगाला वरची मर्यादा असते, हे लीब आणि रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये दाखवलं. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात खडा टाकला की मोकळ्या पाण्यात लाट गोल गोल लांब जाते, केंदाळात मात्र हातभर जाऊन थांबते. पण हे उदाहरण अर्धंच लागू पडतं, कारण केंदाळ लाटेची ताकद खातं आणि क्वांटममध्ये तसं काही खाल्लं जात नाही, सगळीकडून परत फिरलेल्या लाटा एकमेकींना मारतात आणि कण जागीच अडकतो. हे अँडरसन यांनी १९५८ मध्ये सांगितलं, १९७७ च्या नोबेलमागे हे काम होतं.

खरी मजा कण एकमेकांवर परिणाम करायला लागले की येते. बास्को, अलाइनर आणि आल्टशुलर यांनी २००६ मध्ये दाखवलं की तरीही अडकणं टिकू शकतं, याला मेनी-बॉडी लोकलायझेशन म्हणतात. बरेच जण इथं चुकतात, त्यांना वाटतं कण थांबले म्हणजे माहितीपण थांबली. तसं नाही! कोल्हापुरात गंगावेशीत दूधकट्ट्यावर सगळे हातात ग्लास घेऊन आपापल्या जागी उभे असतात, कोण हलत नाही, तरी बोलणं कानोकानी पुढं जातंच. फक्त इथं परिणाम अंतराबरोबर भराभर घटतो, समजा प्रत्येक जागेला दहापट, तर पाच जागा लांब पोचायला एक लाखपट वेळ आणि फक्त एक जागा अजून पुढं जायला दहा लाखपट. म्हणून एंटँगलमेंट, म्हणजे कणांचं एकमेकांत क्वांटम पद्धतीनं गुंतणं, वेळेच्या लॉगॅरिदमनं वाढतं, म्हणजे अगदी रांगत, पण वाढत राहतं.

म्युनिकमध्ये २०१५ साली पोटॅशियमचे थंड अणू एकाआड एक जागी ठेवून बघितलं, अव्यवस्था पुरेशी असताना ती मांडणी पुसली गेली नाही. तिथली अव्यवस्था मात्र रँडम नव्हती, दोन न जुळणाऱ्या लेझर लाटांची होती.

वाद अजून चालू आहे. योगायोगानं कमी अव्यवस्थेचा एखादा तुकडा मधे राहिला तर तो शेजारच्या जागा मोकळ्या करत पसरू शकतो, असं द रूक आणि ह्यूवेनीर्स यांनी २०१७ मध्ये मांडलं, आणि तसं असेल तर दोन मितींमध्ये हे अडकणं कायमचं टिकत नाही, फक्त खूप वेळ टिकतं.